वरच्या बागेची राखण

५ सप्टेंबर
पोचलो. मंडीहून कुल्लू, तिथून दुसरी बस, मग दोन तासांची चढण. मामाने दारातच मिठी मारली. मामीने गरम, वाफवलेले सिड्डू पुढे ठेवले, आत अक्रोडाचं सारण, वर तूप. म्हणाली, बारावीत नापास झालास तरी खाण्यात पहिला आहेस हो, लुदर बाळा. सगळे हसले. मीही हसलो.
सफरचंदं उतरेपर्यंत वरची बाग माझी. दिवसा माकडं हाकायची. निघताना आईने एकच बजावलं होतं: चिलमीला हात लावायचा नाही, थोरल्या मामाचं काय झालं ते आठव. तो विसाव्या वर्षापासून मरेपर्यंत भिंतीशीच बोलायचा.

९ सप्टेंबर
खोपीत मी आणि पत्र्याचा डबा. डबा वाजवायचा थांबलो की शांतता अंगावर येते. चार दिवसांत माणूस दिसला नव्हता.
आज शेजारच्या बागेचा राखणदार ढालू आला. भांगेचे तुरे तळहातांत चोळत बसला. हातांवर काळा थर साचला, तो खरवडून गोळी केली आणि चिलमीत भरली. मी आईचं सांगितलं. म्हणाला, माकडं पण आईला विचारून हाकतोस का? हे आपल्याच डोंगरातलं झाड, शहरातली पावडर थोडीच आहे.
ओढली. ढालू संध्याकाळपर्यंत थांबला. मला तेच हवं होतं.

१६ सप्टेंबर
आता रोज. ढालू नसला तरी. उठल्याउठल्या. तुरे मीच चोळतो.
बारावीच्या पुस्तकाचं एकच पान चारदा वाचलं. काय वाचलं ते सांगता येत नाही. गेल्या वर्षी असं नव्हतं.

२१ सप्टेंबर
दुपारी कुणीतरी हाक मारली. या उतारावरून त्या उतारावर मारतात तशी, लांबवून. बाहेर कुणी नव्हतं. ढालू म्हणाला, चढली तुला. पण आज मी ओढलीच नव्हती.

२५ सप्टेंबर
आता हाका मारणारे दोघं आहेत. आपसात माझ्याविषयी बोलतात.
आज मामा खाली देवळात घेऊन गेला; अंगणात नगारे वाजले आणि ते मोठ्याने बोलू लागले. ते म्हणाले ते मी ओरडून म्हटलं. मामा माझ्या पायांवर पडला. भाच्याच्या अंगात देव आला, म्हणाला, भगत थकलाय, देवाने पुढचा निवडला. बायकांनी डोकी टेकवली. इतकी माणसं माझ्याजवळ कधीच आली नव्हती. चिलमीचं मी सांगितलं नाही.

२८ सप्टेंबर
झाबेराम भगत मामाबरोबर धापा टाकत वर आला. माझे हात धरले, हुंगले, आवाज थांबतात का विचारलं; नाही म्हणालो. मग मामाकडे वळला. म्हणाला, हा देव नाही रे. देव येतो आणि जातो. याचे आवाज जातच नाहीत. तुझ्या थोरल्या भावालाही आपण असंच पूजत बसलो, चिलीम भरभरून दिली. तेव्हा मीही चुकलो. याला उद्याच्या बसने खाली डॉक्टरकडे ने. अजून वेळ आहे.
मामा माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, नेतो.
मलाही एकदम जावंसं वाटलं. क्षणभर.

२९ सप्टेंबर, सकाळ
ते दोघं म्हणतात, म्हाताऱ्या भगताला गादी सोडवत नाही. म्हणतात, खाली नेऊन सुई देतील, मग आम्ही नाही — तू एकटा —
मामाने आणलेला चहा वेगळा लागला. ओतून दिला.
कडी लावली.

बस अकराला
मामा बाहेर. दार ठोठावतो. लुदर बाळा, म्हणतो, उघड रे, मी आहे ना बरोबर. रडतोय.
हे दोघं म्हणतात, तो मामा नाही. आवाज मामाचाच. तोच रडतो असा, नाक ओढत —
मला जायचंय. लिहून झालं की कडी काढतो.
काढ, म्हणतात. काढ. पण आधी कोपऱ्यातला विळा —