गुडघ्याएवढ्या उंचीवरचं चित्र

दादा,

तू गोळीबार केलास, त्या समुद्रकाठच्या हॉटेलात आलोय. पाहुणा मी एकटाच. जेवणघरात एक चित्र पार गुडघ्याएवढ्या उंचीवर टांगलंय. मी विचारलं, "हे काय मांजरासाठी?"

म्हातारा वाढपी म्हणाला, "साहेब, जिथे गोळीचं भोक, तिथे चित्र. त्या टेबलाखाली पोरं लपली होती."

तू तुरुंगातून लिहिलं होतंस, 'मी फक्त छतावर गोळ्या झाडल्या.' तेच मी सभासभांतून ठणकावून सांगितलं, टाळ्या घेतल्या.

वाढप्याने विचारलं, "इथे तुमचं कोणी?" मी म्हणालो, "कोणी नाही."

मग वर पाहिलं. छताला साधा ओरखडाही नाही. "छत नवं केलंत?" "नाही हो, जुनंच आहे."

हे पत्र तुला धाडायची हिंमत नाही.

तुझा वकील नव्हे, नुसता धाकटा