मामाच्या जागेवर

दि. ९ फेब्रुवारी

चि. भुंगीस,

आजीचा आशीर्वाद. तो शिळा होत नाही, तेव्हा मागचाच पुढे चालू समज. फोनवर मी विषय काढला की तुझी रेंज जाते. कागदाची जात नाही. लिहायला तुझी आई बसली आहे. मी नुसतं तोंड चालवते, त्याला शाळा लागत नाही.

इकडे सगळं ठीक. गुडघे दुखतात, पण त्यांचंही आता काही वाटत नाही. तुझ्या बापाची खुर्ची दारामागे सरकवली. तिच्यावर कुणी बसत नाही, कुणी रडतही नाही. टीव्ही लावतो आणि आवाज बंद ठेवतो.

विद्यापीठातून माणूस आला होता. प्रयोगशाळेतली बापाची जागा तुझ्या आईला देताहेत, अनुकंपेवर, हे तुला फोनवर कळलंच आहे. मला वाटलं, अनुकंपा म्हणजे तिथली कुणी मोठी बाई असेल. म्हटलं, तिला आमचा नमस्कार सांगा. तो हसला नाही, तुझी आईही नाही. सोमवारपासून ती काचेची भांडी धुणार आणि कपाटांच्या चाव्या सांभाळणार.

तुझी मुलाखत त्याच विभागात आहे. पत्र आलं तेव्हा बाप होता. त्याने दोनदा वाचून दाखवलं. आता तू म्हणतेस, तिकडे नको, दुसरीकडे बघते. दुसरीकडे तासांवर शिकवून तुझा घसा बसलाय. कायमची जागा निघतच नाही, हे रडगाणं तुझंच. आता निघाली, तर म्हणे प्रवास लांबचा. इतकी शिकलीस, आणि बहाणा दुसरीतल्या पोरीचा.

खरं कारण मला ठाऊक आहे.

तिथे परिचराला सगळे मामा म्हणतात, बाई असली की मावशी. तुझ्या बापाला सख्खी बहीण नव्हती, तरी अख्खं विद्यापीठ त्याची भाचरं. तू तिथे शिकायला गेलीस, तेव्हा एकदा मैत्रिणींसमोर तूही त्याला म्हणालीस, "मामा, दार उघडता का?" त्याने उघडलं. घरी येऊन फक्त मला सांगितलं, जेवता जेवता. म्हणाला, "आई, पोरगी हुशार आहे. पटकन सुचलं तिला." आणि रोजच्याइतकाच जेवला.

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं, असं तेव्हा वाटलं होतं. आता तेही वाटत नाही.

तुला भीती ही, की मुलाखतीच्या दिवशी व्हरांड्यात आई समोर येईल आणि तोंडातून पुन्हा तसंच काही निघेल. निघू दे. जे निघेल त्याला ती ओ देईल. पण ये. बापाची जागा भरली, तशी तुझीही भरेल, दुसऱ्या कुणाकडून.

मामाचं सांगत होते तेव्हा तुझी आई मान वर न करता लिहीत होती. तिला हे आजवर माहीत नव्हतं. तिने ते लिहिलं की गाळलं, मला वाचता येत नाही. तुला वाचायला मिळालं असेल, तर तिने लिहिलं असं समज.

अंगठा माझा, अक्षर तुझ्या आईचं,
आजी