व्हर्नाने घासलेली रायफल

व्हर्ना,

काल माझ्या वाढदिवसाला तू ती जुनी फिनलंडची रायफल चकचकीत करून भेट म्हणून समोर ठेवलीस आणि मी पाहुण्यांदेखत तुझ्यावर खेकसलो. दस्त्यावर कुणा सैनिकाने चाकूने नाव कोरलं होतं. तू ते ओरखडे समजून घासून काढलंस आणि वर वॉर्निश मारलंस. आम्हा जुन्या बंदुकांच्या वेड्यांना तो मळ, ते ओरखडेच प्यारे असतात, हे मी तुला कधी सांगितलंच नव्हतं.

सकाळी तू झोपलेली असताना तुझ्या बोटांवरचे फोड दिसले. उठवायचा धीर झाला नाही. कालच्या भांड्यांना हात लावू नकोस, मी येऊन घासतो.

तीच रायफल घेऊन नेमबाजीला चाललोय. तिथला अर्ल बघताक्षणी ओरडणार, "अरेरे, हिची कोणी वाट लावली रे?"

सांगेन, "बायकोने दिलीय, वाढदिवसाला."

डेल