श्रेयसले ऐकवलेली गिटार

बंगळुरू

आईले स्वरदाचा नमस्कार.

मी बरी हाय, जेवण वेळेवर होते. तुझे गुडघे कसे हायेत?

काल संध्याकाळी ब्लूज गिटारच्या, म्हणजे दुखऱ्या इंग्रजी गाण्यांच्या, कार्यक्रमाले गेलती. आपल्या श्रेयसचा आवडता वादक आलता. मळणीयंत्रात बोटं गेल्यापासून श्रेयसनं गिटार हातात घेतली नाही, म्हणून मी त्याले फोन लावून स्टेजकडे धरला.

लोक नाचून राह्यले होते. वादकानं एक सूर असा ताणला की सारे गप्प झाले. मी फोन कानाले लावला, तर हुंदका आला.

"ताई, हेच मी वाजवत होतो वं."

फोन ठेवावा तर त्याले वाईट वाटीन, चालू ठेवावा तर तो रडून राह्यला. टाळ्या पडल्या, मी फोन पुन्हा स्टेजकडे धरून तशीच उभी.

आई, त्याले काही विचारू नको. फक्त जवळ जाऊन बस.

तुझी,
स्वरदा