अकराव्या मशीनची खूण

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. वहिनीचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जिवात जीव आला. मी ठीक आहे. इथली थंडी हाडात शिरते, पण तुझा कोट आहे. इथल्या कामगारांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हा कुठल्या संग्रहालयातून आणलास?" तीस वर्षं कपाटात होता, एवढंच सांगितलं. का होता, ते नाही सांगितलं.

तू लिहिलंस, "त्यांच्या देशात जाऊन त्यांचा कारखाना उचलून आणतोयस, मान वर करून काम कर." साहेबांचंही तेच. निघताना त्यांनी आम्हा सहा फिटरांना उभं करून भाषण दिलं. पश्चिमेचे दिवस भरले, आता आशियाची पाळी, आता आपण घेणार आणि ते विकणार. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी जरा जोरातच.

काम असं. अकरा ग्राइंडिंग मशीन सुटी करायची, भाग पेट्यांत भरायचे, तिकडे नेऊन पुन्हा उभी करायची. नकाशे आहेत, पण त्यांच्यावर भागत नाही. प्रत्येक मशीनच्या पायांखाली कागदाइतक्या पातळ पितळी पट्ट्या सरकवलेल्या आहेत. कुठे दोन, कुठे पाच. त्यांच्यामुळेच मशीन केसभरही हलत नाही. कुठली पट्टी कुठे आणि का, हे सगळं इथल्या म्हाताऱ्या फोरमनच्या डोक्यात. चाळीस वर्षांत त्याने एक ओळ लिहून ठेवलेली नाही. "लिहिलं असतं तर मला केव्हाच घरी बसवलं असतं," म्हणतो आणि पोट धरून हसतो.

निघायच्या आधी साहेबांनी मला बाजूला घेतलं होतं. "म्हाताऱ्याला खूश ठेव. सांग, मशीन उभी करायला तुम्हालाही तिकडे नेणार."

"नेणार का साहेब?"

"वेडा आहेस का?"

मी पहिल्याच दिवशी त्याला ते सांगितलं. त्यांच्या भाषेत, मोडकंतोडकं, पण हसतमुखाने.

तेव्हापासून तो माझ्या मागे लागला, तुमची भाषा शिकव म्हणून. त्याने आपले मराठी आकडे गिरवले. प्रत्येक भागावर आपल्याच आकड्यांत खूण करतो, तिकडच्या पोरांना सोपं जावं म्हणून. सकाळी सात वाजता आल्या आल्या विचारतो, "जेवलास का?" मी म्हणतो, "अजून नाही, आजोबा." एक मशीन उतरलं की हात झटकून ओरडतो, "झालं!" परवा डबा खाताना त्याने पिशवीतून नव्याकोऱ्या चपला काढल्या. "तिकडे गरम असतं ना? माझा सगळा जन्म बुटांत गेला." गार फरशीवर चालूनही दाखवलं. आमच्यातला एक म्हणाला, "आजोबा, सासरी निघालात काय?" मी त्याचं भाषांतर केलं. म्हातारा लाजला.

मला तुझा कोट आठवला. अंगावरच होता, तरी आठवला. इकडूनच आपल्याकडे आलेला तो तज्ज्ञ. तू चार महिने त्याच्या हाताखाली राबलास, जुन्या मशीनच्या सगळ्या खोडी त्याला दाखवल्यास, आणि जाताना तो म्हणाला, "तुला शिकायला बोलावून घेतो." तू कोट शिवून घेतलास. मी दहा वर्षांचा होतो. पोस्टमन दिसला की तुझ्यासाठी मी कोपऱ्यापर्यंत पळायचो.

आज अकरावं, शेवटचं मशीन होतं. सकाळीच सांगून टाकायचं असं ठरवून गेलो. सांगितलंही. म्हणालो, "आजोबा, तुम्हाला कोणी नेणार नाही. मी खोटं बोललो."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

 त्याने हातातला खडू माझ्या हातावर ठेवला, मी शिकवलेल्या आपल्या मराठीत हळूच म्हणाला, "झालं," आणि गेला. चपलांची पिशवी बाकावरच राहिली.

इथवर लिहून पाकीट चिकटवलं होतं. पुन्हा फोडलं, कारण तुला वाटेल, धाकट्याने निदान वेळेवर खरं सांगितलं.

सकाळी नाही सांगितलं, दादा. सकाळी त्याने विचारलं, "जेवलास का?" आणि मी म्हणालो, "अजून नाही." दुपारी चारपर्यंत मी त्याच्यासाठी बॅटरी धरून उभा होतो. तो गुडघे टेकून एकेक पाय समजावत होता. शेवटच्या पायावर शेवटचा आकडा पडला, मी तो वहीत उतरवला, वही तुझ्या कोटाच्या आतल्या खिशात घातली, बटण लावलं, आणि मग खरं बोललो. आधी बोललो असतो तर तो कदाचित थांबला असता. ते मला चांगलं माहीत होतं.

साहेबांचा फोन आला होता. बढती पक्की. वहिनीला तेवढंच सांग.

वही काढून घेऊन कोट उद्या पार्सलने पाठवतो. इथे अजून सहा दिवस आहेत, पण तो अंगात घालवत नाही.

ज्याच्या पत्राची तू वाट पाहिलीस, त्याच्यावर गेलेला
तुझा धाकटा भाऊ