लाल गाडीची छोटी पुली

शनिवार, ११ जानेवारी

पार्सलातून पुली निघाली! मी समजत होते, रक्तदाब मोजायचं यंत्र असेल. गणपतीनंतर ह्यांना ॲटॅक आला, चिपळूणला अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून ह्या घरात आलेलं प्रत्येक खोकं औषधाचंच. आणि आज ही — काळी, हलकी, वाडग्याएवढी.

"अंडरड्राइव्ह पुली," हे म्हणाले. जसं काही मी बाजारातून रोज दोन आणते!

मग समजावून सांगितलं. इंजिनाच्या टोकाला एक मोठी पुली असते. तिच्यावरच्या पट्ट्याने वीज तयार होते, एसी फिरतो. तिच्या जागी छोटी घातली की ही वरकामं जरा सावकाश फिरतात, त्यात जाणारा इंजिनाचा जोर वाचतो आणि गाडी घाटात बरी चढते. मोबाइलवर सगळं बघितलंय म्हणे. आपल्या लाल मारुतीला बसवायची. घरी. स्वतः.

"गॅरेजवाल्याला द्या ना."

"लोट्याच्या कंपनीत इतकी वर्षं पंप उघडतोय मी, सुनंदा."

उघडत होतात — अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. कंपनीची बस गणपतीपासून ह्यांच्याशिवाय जाते. डॉक्टर म्हणतात, चाला, फिरा, कामावर जा, सगळं करा. हे पडवीत बसतात, एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटावर. नाडी बघत. पाण्याची कळशी मी उचलू देत नाही, हेही उचलत नाहीत. छान जमलंय दोघांचं!

रविवार, १२ जानेवारी

तेजलला पुण्याला फोन केला. म्हणाली, "आई, करू दे ना बाबांना." लेकीला काय जातं तिकडे बसून सांगायला! इकडे बोल्ट ओढताना काही झालं तर धावणार कोण? मीच.

सोमवार, १३ जानेवारी

गाडीवरची ताडपत्री ह्यांनी काढली. नुसती काढली. पण काढली.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. मला शाळेला सुट्टी. सगळ्यांच्या हातात तिळगूळ, ह्यांच्या हातात पान्हा.

सकाळी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, गाडी जॅकवर उचलली. मागच्या चाकांना चिरे लावले — चिरे मी आणले, अर्थात. पुढचं उजवं चाक काढलं, आतलं झाकण काढलं, पट्टा सैल करून उतरवला. मी टॉर्च धरून उभी. हे पाठीवर आडवे होऊन गाडीशी पुटपुटत होते. किती दिवसांनी तो आवाज ऐकला! मनात म्हटलं, बघ, उगाच घाबरत होतीस.

मग आला मधला बोल्ट. जुन्या पुलीला धरून बसलेला. ह्यांनी पान्हा लावला, ओढला. ढिम्म. पुन्हा ओढला — आणि मध्येच थांबले. हात छातीवर. टॉर्च माझ्या हातातून पडला.

"दुखतंय?"

"नाही."

"खरं सांगा!"

"दुखत नाही गं. दुखेल असं वाटतं."

उठले, हात धुतले, पडवीत जाऊन बसले. तिळगूळ दिला तर नुसता हातात धरून ठेवला.

गुरुवार, १६ जानेवारी

गाडी तीन चाकांवर उभी. मासळी घेऊन सोनूबाई आली, पाटी उतरवायच्या आधीच विचारते, "काय वो वयनी, गाडी सुटी करून इकताव काय?" एरवी दोघंही हसलो असतो. हे आत निघून गेले. मी बांगडे घेतले, पैसे द्यायला विसरले. तिनेही मागितले नाहीत. तिला सगळं कळतं.

रविवार, १९ जानेवारी

आज काय लिहू आणि काय नको!

राकेशला — माझा भाऊ, पोफळीच्या वसाहतीत राहतो — मीच बोलावलं. ह्यांना सांगितलं नाही. तो आला, विहिरीच्या पंपाचा उरलेला लांब पाइप मी पान्ह्याच्या दांड्यात घातला आणि जाहीर केलं, "बोल्ट मी ओढणार."

राकेश आत बसला. गाडी गिअरमध्ये, ब्रेकवर पाय गच्च, म्हणजे इंजिन फिरायचं नाही. मी पाइपाला लटकले. अक्षरशः लटकले! बोल्ट हलेना. पडवीतून आवाज आला, "वरून नको, टोकाला धर." थोड्या वेळाने, "अगं टोकाला!" मग चपलांचा आवाज. मग माझ्या हातांशेजारी ह्यांचे हात.

"अहो, तुम्ही नको."

"सुनंदा, ओढ."

ओढला. आणि कडाड्! असा आवाज झाला की मला वाटलं, ह्यांच्या छातीतच काही तुटलं. मी किंचाळले. डोळे उघडले तर हे लाल मातीत उताणे, पाइप पोटावर, आणि हसतायत! गदागदा हसतायत. बोल्ट सुटला होता. मी त्यांना दोन फटके मारले. राकेश काचेतून बघत होता, ब्रेक सोडू की नको विचारत.

पुढे काय कमी घोळ! पुली काढताना तिच्या खाचेतली चावी — कुलपाची नव्हे, नखाएवढी लोखंडी पट्टी, पुली घसरू नये म्हणून असते ती — मातीत पडली. तिघं गुडघ्यांवर. शेवटी मी फ्रिजवरचं चुंबक आणलं, आंजर्ल्याच्या गणपतीचं. मातीवरून फिरवलं. आधी चिऱ्याची लाल कणीच चिकटली, मग टक् करून चावी. देवाची क्षमा मागून पुसून परत लावलं.

नवी पुली बसली. जुना पट्टा मात्र तिच्यावर ढगळ. लहान पट्टा हवा. हरकत नाही. आज काहीच हरकत नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

शाळेतून आले तर घराला कुलूप! फोन आत वाजतोय. पायरीवर बसून राहिले. ह्या काही महिन्यांत एकटे कधी फाटकाबाहेर गेले नव्हते.

अर्ध्या तासाने रिक्षातून उतरले. गळ्यात नवा पट्टा, हारासारखा. तीन दुकानं पालथी घातली म्हणे. "फोन कुठे होता तुमचा?" तर खिसे चाचपायला लागले. ओरडायचं ठरवलं होतं. रडायलाच आलं. त्यांनी पट्टा काढून माझ्या गळ्यात घातला. मेला रबराचा वास!

शनिवार, २५ जानेवारी

चालू केली. पहिल्यांदा असा चिरका आवाज की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी उठल्या. समोर बॅटरीचा लाल दिवाही लागलेला. ह्यांचं तोंड उतरलं. मी मनात म्हटलं, आता पुन्हा पडवी!

नाही गेले. इंजिन बंद केलं, वाकले, पट्टा आणखी ताणून बसवला. पुन्हा चालू. आवाज गेला. दिवा उभ्या गाडीत मिणमिणतो, जरा ॲक्सिलरेटर दिला की विझतो. "सावकाश फिरते ना, थोडं चालायचंच. उभ्या गाडीत एसी नाही लावायचा," म्हणाले. एसी कोणाला हवाय! मी समोरचा ग्रीसने माखलेला माणूस बघत होते, कोपरापर्यंत काळा. ह्यांच्यासाठी ठेवलेली पाण्याची बादली त्यांनीच उचलून नेली. मी बघितलं, आणि हात मागे बांधले.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन उरकून कुंभार्ली घाट. पोफळीला राकेशला घेतलं. हे चालवत होते. जिथे एरवी दुसऱ्या गिअरवर यावं लागायचं त्या वळणावर ओरडले, "तिसऱ्यात! बघ, तिसऱ्यातच!" राकेश म्हणाला, "भावोजी, गाडी बदललीच की हो." पुलीने की नुसत्या आनंदाने, देव जाणे. मला काही कळलं नाही, कारण मी त्यानंतर गाढ झोपले. घाटाची वळणं, खिडकी उघडी, आणि मी घोरत होते म्हणे!

घाटमाथ्यावर ह्यांनी उठवलं. चहा घेतला. मग हे चढाच्या रस्त्याने थोडं पुढे चालत गेले, दरी बघायला. मी ह्यांचे हात बघत होते. मागे धरलेले. बोटं मनगटावर नव्हती.

सोमवार, ३ फेब्रुवारी

कंपनीची बस आली. हे गेले. डबा विसरले. विसरू देत.

रविवार, ९ फेब्रुवारी

लाल गाडी राकेशला देऊन टाकली! मला न विचारता! मी मुलांच्या सहलीहून येते तर खळ्यात एक जुनाट जीप. टप नाही, बॉनेट उघडलं तर इंजिन नाही, नुसता खड्डा. भांडायलाच तोंड उघडलं, "अहो, हे धूड चालणार तरी कधी?"

"लागतील तीन-चार वर्षं," हे म्हणाले. अगदी सहज. कालपरवापर्यंत नाडी मोजत बसणारा हा माणूस!

भांडण राहिलं. चहा टाकायला आत गेले, तर साखरेचा डबा कुठे आहे तेच दिसेना.