बारा झग्यांचं कापड

अहो,

हॉस्पिटलमधून फोन आला. माझं ऑपरेशन दुपारी होतं ना, ते आता सकाळी दहालाच घेणार आहेत. तुम्हाला चार वेळा फोन लावला. पण तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करायला चर्चमध्ये बसलात आणि फोन बंद. धन्य आहे! मी एकटीच निघाले आहे.

राग त्याचा नाही. रविवारी भर चर्चमध्ये माईक हातात घेऊन माझ्या छातीतली गाठ जगजाहीर करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मला एका शब्दाने विचारलंत? काल चर्चच्या क्वायरच्या, त्या गाणाऱ्यांच्या प्रमुख बाई आल्या आणि मला शिवायला दिलेलं बारा झग्यांचं कापड परत घेऊन गेल्या. "तुला आता कुठे झेपणार," म्हणे. सगळ्यांची मापं घेऊन झाली होती. जिवंतपणीच श्रद्धांजली वाहून गेल्या बाईसाहेब!

आठ दिवस शिलाई मशीनवर बसून मी एकच म्हणते आहे, प्रभू, तू सोबत चल. तेवढ्यावरच उभी आहे. तुम्हाला ते ऐकू आलं नाही, कारण मी ते तुम्हाला ऐकवत नव्हते.

जेवण झाकून ठेवलंय, गिळा. मग त्या बाईंकडून कापड आणून मशीनवर ठेवा. टाके निघाले की मी शिवायला बसणार आहे.

हॉस्पिटलात एकटे या, चर्चच्या मंडळींची वरात नको. प्रार्थना खाटेशेजारी बसून मनातल्या मनात करा, देवाला माईक लागत नाही.

प्रभू सोबत आहे म्हणून घराबाहेर पाऊल टाकता आलं. पण शुद्धीवर येताना माझा हात तुमच्या हातात असला पाहिजे.